बलेनोचं सस्पेन्शन: गचके कमी आणि घाटात पकड जास्त हवी, आधी काय बदलायचं?

वळणवाट_फोंडा

नमस्कार मंडळी. गाडी मारुती बलेनो अल्फा, पेट्रोल, २०१७ ची, ७८ हजार किमी चाललेली. सस्पेन्शनचा एकही भाग आजवर बदललेला नाही. टायर कंपनीच्याच मापाचे, १९५/५५ आर १६, चार वर्षांचे. हवा चारही चाकांत ३५ पीएसआय. रोजचा रस्ता फोंडा ते पणजी, बाणस्तारीवरून. महिन्यातून एकदोनदा उसगाव, साखळी, केरी करत चोर्ला घाटाने बेळगाव.

तक्रारी अशा आहेत. छोट्या खड्ड्यांत पुढून डावीकडून कट-कट आवाज येतो. गतिरोधक उतरल्यावर मागचा भाग दोन-अडीच वेळा हलून मग थांबतो. गाडीत एकटा असलो की मागून गचके बसतात, पाच माणसं बसली की तीच गाडी मागे बसते आणि मोठ्या गतिरोधकावर पोट घासतं. घाटात वळणावर गाडी कलते, आणि वळणातच खड्डा आला तर नाक बाहेरच्या बाजूला सरकतं.

एका गॅरेजने स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घालायला सांगितलं. दुसऱ्याने ३० मिमी खाली बसणाऱ्या स्प्रिंग आणि कडक शॉकअप सुचवले. बजेट ४५ हजार. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी काम उरकायचं आहे, कारण तेव्हा सगळं घर आणि सामान घेऊन बेळगावला जायचं असतं. आरामही हवा आणि पकडही हवी. कुठून सुरुवात करू? कोणते भाग घेऊ, आणि काम करून घेताना कशावर नजर ठेवू?

नटबोल्ट_डिचोली

ते दोन्ही सल्ले आधी बाजूला ठेवा. थकलेल्या सस्पेन्शनवर नवे महागडे भाग चढवणं म्हणजे ओल धरलेल्या भिंतीला रंग देण्यासारखं आहे. तुमच्या चारही तक्रारी मुख्यतः झिजेच्या आहेत. क्रम असा धरा: टायर आणि हवा, मग रबर आणि सांधे, मग शॉकअप. स्प्रिंगचा विचार सर्वांत शेवटी, तोही गरज उरली तरच.

हवा फुकट आहे म्हणून तिथून सुरू करा. चालकाच्या दाराजवळ खांबावर स्टिकर आहे, त्यावर कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी किती हवा ते लिहिलेलं असतं. पंपावर सरसकट ३५ भरतात. सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना, स्वतःच्या गेजने मोजा आणि स्टिकरवर आणा. फोंड्याहून पणजीला पोचल्यावर तापलेल्या टायरची हवा मोजून कमी केलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमीच भरेल, ही चूक खूप जण करतात. घाटाला भरलेली गाडी नेताना मात्र मागच्या चाकांत स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा ठेवाच.

टायरच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे बघा. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. मग तळहात ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून, दोन्ही दिशांनी फिरवा. जागोजागी खोलगट चट्टे लागले तर शॉकअप चाकाला रस्त्यावर दाबून धरत नाहीत. एकाच कडेला करवतीच्या दातांसारखं लागलं तर टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप, बिघडलेला आहे. एवढ्या एका तपासणीत अर्धं निदान होतं.

टायर बदलायची वेळ आलीच असेल तर १५ इंची रिमवर उतरण्याचा विचार मनापासून करा. याच बलेनोच्या खालच्या मॉडेलना कंपनी १८५/६५ आर १५ देते. हिशेब बघा: १९५/५५ आर १६ ची भिंत १०७ मिमी, १८५/६५ आर १५ ची १२० मिमी. बाहेरचा एकूण व्यास दोन्हींचा जवळपास ६२१ मिमी, त्यामुळे स्पीडोमीटरला फरक पडत नाही. मिळतं काय? खड्ड्याची कडा आणि रिम यांच्यामध्ये १३ मिमी जास्त रबर आणि हवा. कडक धारेचे गचके मरतात, रिम वाकण्याची भीती कमी होते. रिम घेताना चार बोल्टचं १०० मिमी पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) आणि ५४.१ मिमीचं मधलं भोक जुळायला हवं. भोक मोठं असेल तर हबवर बसणारी रिंग घ्याच, नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरेल आणि सगळे बॅलन्सिंगला दोष देत बसतील. रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना हे हाताने पूर्ण फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता कट-कट. छोट्या खड्ड्यात, कमी वेगात, एका बाजूने येणारा सुका आवाज बहुतेक वेळा लिंक रॉडचा असतो, म्हणजे स्टॅबिलायझर बार (गाडीचा कल रोखणारी आडवी सळी) आणि स्ट्रट (पुढचा स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र खांब) यांना जोडणारी काडी. इथे गॅरेजमध्ये हमखास एक चूक होते. एकच चाक जॅकवर उचलून लिंक रॉड हलवून बघतात आणि "ठीक आहे" म्हणतात. एक चाक वर आणि एक खाली असलं की बार पिळला जातो, काडीवर ताण येतो आणि सांध्यातली ढिलाई दिसत नाही. दोन्ही चाकं जमिनीवर किंवा दोन्ही एकाच उंचीवर लटकलेली असताना काडी हाताने हलवा. तरी शंका असेल तर दोन्ही काड्या सोडवा, बार कुठे अडकणार नाही असा तारेने बांधा आणि त्याच खड्ड्यावरून १५-२० च्या वेगाने एकदा न्या. आवाज गेला तर काडी दोषी. बार सुटलेला असताना हमरस्त्यावर जायचं नाही.

बाकीच्या आवाजांच्या खुणा. ब्रेक मारताना किंवा सोडताना एकच जाड "ठक": लोअर आर्मचा (चाकाला चौकटीशी जोडणारा खालचा दांडा) मागचा बुश (रबरी सांधा) फाटलेला. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना "टंग" करून स्प्रिंग उडी मारते: स्ट्रटच्या वरच्या माउंटचं बेअरिंग अडकलेलं. चाक लटकत असताना खालून-वरून धरून हलवल्यावर ढिलाई: बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. डावी-उजवीकडून हलवल्यावर ढिलाई: टाय रॉड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगचे सांधे. लोअर आर्मचा बुश बघायला नुसती टॉर्च पुरत नाही. लांब पान्याने किंवा पहारीने हलकेच उचकटून बघा, कारण बंद स्थितीत भेग मिटलेली असते. आणि बॉल जॉइंट गेला असेल तर तो सुटा मिळतो का ते आधी विचारा. कित्येक गाड्यांना पूर्ण आर्मच घ्यावा लागतो, पण त्यात दोन्ही बुश नवे येतात, म्हणजे नुकसान नाही.

शेवटचं एक माप. सपाट जागी हवा सारखी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर मोजा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची झीज मिसळते. डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर स्प्रिंग बसलेली किंवा तुटलेली असू शकते. मग स्प्रिंगचा अगदी खालचा वेढा बघा. तुटते ती बहुधा तिथेच.

शॉकअप_साखळी

वरचं सगळं मान्य. मी स्प्रिंग आणि शॉकअपचा हिशेब मांडतो, कारण "कडक म्हणजे पकड" हा गैरसमज मोडायलाच हवा.

स्प्रिंग धक्का पोटात घेते, शॉकअप तो जिरवतो. तुमची गाडी गतिरोधकानंतर दोन-अडीच वेळा हलते म्हणजे जिरवणाराच थकलाय. त्यावर कडक स्प्रिंग घातलीत तर हलणं जास्त जलद आणि जास्त जोरकस होईल, थांबणार नाही.

"एकटा असलो की गचके, भरली की बसते" यामागचं कारण आकड्यांत बघा. हिशेबापुरतं धरा की मागच्या एका कोपऱ्यावर रिकाम्या गाडीचं २०० किलो आणि चाकाजवळ मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा २० न्यूटन प्रति मिमी आहे. तो कोपरा सेकंदाला सुमारे १.६ वेळा झुलेल. मागे तीन माणसं आणि सामान आलं, कोपऱ्यावर १२० किलो वाढले, की तेच १.२६ वर येतं. बहुतेक घरगुती गाड्यांत आरामाचा पट्टा १ ते १.५ च्या आसपास असतो. म्हणजे हलकी गाडी रिकामी असताना मागून जरा कडकच वाटणार, हे तिच्या वजनातच आहे. आणि १२० किलोने ती किती बसेल? ५९ मिमी.

आता २० टक्के कडक स्प्रिंग घाला. भरलेली गाडी ५९ ऐवजी ४९ मिमी बसेल. कमावले फक्त १० मिमी. पण रिकामी गाडी १.६ वरून १.७४ वर गेली, म्हणजे रोज फोंडा-पणजी एकट्याने करताना गचके वाढले. वर्षातल्या चार फेऱ्यांसाठी तीनशे दिवस त्रास, हा सौदा मला पटत नाही.

३० मिमी खाली बसणाऱ्या स्प्रिंग तर गोव्यात नकोच. रायबंदर-चोडण फेरीत चढताना बोटीची लोखंडी फळी आणि धक्क्याचा उतार जिथे मिळतात तो कोन आठवा. तिथे ३० मिमी म्हणजे बंपर आणि पोट दोन्ही टेकणार. शिवाय शॉकअपची वरची चाल तेवढीच कमी होते. खड्ड्यात चाक वर यायला जागा उरत नाही, ते बंप स्टॉपवर (चालीच्या टोकाला असलेला थांबा) आपटतं. वळणातल्या खड्ड्यात तुमचं नाक बाहेर सरकतं ते याच प्रकारातून: एकतर थकलेल्या शॉकअपमुळे चाक रस्ता सोडतं, किंवा चाल संपून चाक आपटतं. दोन्हींत टायरचा रस्त्यावरचा दाब क्षणभर जातो, आणि दाब नाही तिथे पकड नाही. म्हणून खराब रस्त्यावर आराम आणि पकड एकाच बाजूला असतात. चाक रस्त्याला चिकटून राहिलं तर दोन्ही मिळतं.

रबरी बफरबद्दल थोडं कडक बोलतो. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये रबर अडकवलं की तेवढे वेढे काम करणं बंद करतात. गाडी वर उचलल्यासारखी दिसते, पण उरलेल्या वेढ्यांवर सगळा भार येतो, स्प्रिंग कडक होते, आणि रबराच्या कडेला ताण एकवटतो. त्यात आपली तांबडी माती रबराच्या खाली साचते, ओली राहते आणि रंग खरवडून गंज धरते. स्प्रिंग मोडायला याहून सोयीची जागा नाही.

मग घ्यायचं काय? कंपनीच्या मापाच्या स्प्रिंग तशाच ठेवा आणि चारही शॉकअप नवे घ्या. रोजच्या गाडीला कंपनीचे मूळ शॉकअप किंवा केवायबी एक्सेल-जीसारखे दुहेरी नळीचे गॅस शॉकअप पुरेसे आहेत. एकेरी नळीचे, म्हणजे बिल्स्टीन बी६ किंवा केवायबी गॅस-अ-जस्ट या प्रकारचे, घाटात न तापता टिकतात आणि गाडी बांधून धरतात, पण कमी वेगात, डांबराच्या ठिगळांवर, थोडे कडक लागतात. आठवड्याला घाट करणाऱ्याने ते घ्यावेत. महिन्यातून दोनदा घाट असेल तर मी दुहेरी नळीचेच घेईन. काहीही घेतलंत तरी तुमच्या गाडीच्या वर्षाला आणि मॉडेलला तोच पार्ट नंबर आहे हे पक्कं करा. "चालतंय, बसतंय" या शब्दांवर शॉकअप घेऊ नये. बिल्स्टीनचा बी८ हा प्रकार खाली बसवलेल्या स्प्रिंगसाठी असतो, तो तुमच्या स्प्रिंगवर घालू नका.

तेल भरून "रिकंडिशन" केलेले शॉकअप स्वस्त मिळतात. ते टाळा. नळी कापून वेल्ड केली की आतला गॅसचा दाब गेला. नुसत्या तेलात सलग खड्ड्यांवर फेस होतो, आणि फेस झाला की शॉकअप जिरवणं थांबवतो.

घाटमाथा_सत्तरी

स्प्रिंगबद्दल थोडा वेगळा सूर. ज्यांच्या गाडीत रोज चार-पाच माणसं असतात त्यांच्यासाठी शॉकअप_साखळी यांचा हिशेब उलटा पडतो. शाळेची मुलं नेणारे, रोज सामान नेणारे, सीएनजीची टाकी बसवलेले. टाकी, तिचा पट्टा आणि आतला गॅस धरून मागे कायमचं वजन वाढलेलं असतं, गाडी कधीच रिकामी नसते. अशांनी मागे १०-१५ टक्के कडक, मूळ उंचीच्या स्प्रिंग घेण्यात काही चूक नाही, पण त्यांना साजेसे शॉकअप सोबत घ्यावेत. मूळ प्रश्न विचारणाऱ्यांनी मात्र स्प्रिंगला हात लावू नये, यात माझं दुमत नाही.

कलण्याबद्दल: पुढचा स्टॅबिलायझर बार जाड करायचा विचार कुणी सुचवला तर नको म्हणा. पुढचं नाक आधीच बाहेर जातंय. पुढे बार कडक केला की कल कमी होईल, पण पुढच्या बाहेरच्या टायरवर आणखी ओझं पडेल आणि नाक जास्तच बाहेर जाईल. नवे शॉकअप कल थांबवत नाहीत, तो हळू आणि मोजका करतात. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी एकदम कोसळल्यासारखी कलत नाही, हातात विश्वास येतो. चोर्ल्यात बहुतेकांना जे हवं असतं ते एवढंच.

वळणवाट_फोंडा

सगळ्यांचे आभार. तपासणी झाली. डावी लिंक रॉड ढिली, दोन्ही लोअर आर्मचे मागचे बुश चिरलेले, उजवा मागचा शॉकअप तेलाने ओला, पुढच्या स्ट्रटच्या आतले बंप स्टॉप हातात चुरा होऊन आले. स्प्रिंगची मापं डावी-उजवी जवळपास सारखी. टायरवर आतल्या कडेला करवतीचे दात. सकाळी थंड टायरमध्ये ३५ निघाले, ते स्टिकरवर आणलं, त्यानेच बराच फरक जाणवला. टायर पावसाळ्यानंतर बदलेन, तेव्हा १५ इंची रिम बघतो.

आता चारही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, दोन्ही लिंक रॉड घेतोय. आणखी काय यादीत घालू, आणि काम करताना मी शेजारी उभा राहिलो तर नेमकं काय बघू?

नटबोल्ट_डिचोली

यादीत घाला: पुढचे दोन्ही वरचे स्ट्रट माउंट बेअरिंगसकट, चारही बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर, मागच्या स्प्रिंगच्या वरच्या-खालच्या रबरी गाद्या, स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब ज्यावर बसतो तो भाग) जोडणारे नवे नट-बोल्ट, आणि ज्या नटांच्या आत लॉकिंगसाठी नायलॉन आहे ते सगळे नवे. बंप स्टॉप विसरू नका. तो नुसता अडथळा नाही, चालीच्या शेवटच्या भागातली ती दुसरी स्प्रिंग आहे. तो नसला की भरलेल्या गाडीचा शेवटचा गचका थेट लोखंडावर बसतो आणि नवा शॉकअप आतून फुटतो. माउंटही वाचवू नका. जुन्याच माउंटवर नवा शॉकअप बसवला आणि सहा महिन्यांनी बेअरिंग गेलं तर पूर्ण मजुरी पुन्हा.

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टवर आत झिरपणारं तेल मारून ठेवायला सांगा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत स्ट्रटचे बोल्ट नकलमध्ये जाम होतात. कोरडा बोल्ट हातोड्याने ठोकला की आटे जातात.

दुहेरी नळीचे शॉकअप दुकानात आडवे पडलेले असतात, आतली हवा आणि तेल मिसळतं. बसवण्यापूर्वी सरळ उभा धरून दांडी सावकाश पूर्ण आत दाबायची, सावकाश बाहेर येऊ द्यायची, चार-पाच वेळा. मध्ये पोकळी वाटणं बंद झालं की तो तयार. त्यानंतर आडवा ठेवायचा नाही. दांडी पकडीने किंवा पाइप पान्याने धरताना दिसले तर तिथेच थांबवा. चकचकीत दांडीवर नखाएवढा ओरखडा पडला तर तो प्रत्येक फेरीत सील कापत राहतो आणि काही महिन्यांत तेल बाहेर येतं.

स्ट्रट काढताना ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ज्या क्लिपला आहे ती आधी सोडवायची. नकल मोकळी झाली की ती तारेने बांधून ठेवायची. लटकती सोडली तर नळीवर ताण येतो आणि ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा) आतला सांधा निसटू शकतो.

स्प्रिंग दाबण्याचं काम जीवघेणं आहे, तिथे घाई नको. दोन्ही कॉम्प्रेसर समोरासमोर, जमेल तितके जास्त वेढे पकडून, आळीपाळीने थोडे-थोडे आवळायचे. स्प्रिंग वरच्या बशीत सैल फिरू लागली की मगच मधला नट काढायचा. त्याआधी कधीही नाही, आणि तोंड तिच्या सरळ रेषेत ठेवायचं नाही. परत बांधताना स्प्रिंगचं खालचं टोक बशीतल्या खाचेत टेकलंय का बघा. खाच चुकली की चालताना ती जागा शोधते आणि "टंग" आवाज येतो. वरचा नट आवळताना दांडी आतल्या चावीने धरून पाना वापरायचा. हवेच्या गनने केला तर दांडी गरागरा फिरते आणि आतलं सील खराब होतं.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं हेच इथे दहातल्या नऊ ठिकाणी चुकतं. लोअर आर्मचा बुश म्हणजे बाहेरची नळी, आतली नळी आणि दोन्हींना चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चौकटीला जखडली जाते, यापुढे आर्म हलेल तेव्हा फक्त रबर पिळलं जातं. गाडी लिफ्टवर आणि चाकं लटकलेली असताना बोल्ट आवळला तर रबराची विश्रांतीची जागा "लटकलेली" अशी ठरते. गाडी खाली उतरली की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी उंच बसते, छोट्या खड्ड्यांवर ताठ लागते, आणि चांगला नवा बुश वर्षभरात चिरतो. मग पार्टला दोष. म्हणून आर्मचे बुशचे बोल्ट लिफ्टवर फक्त हाताने लावायचे. गाडी स्वतःच्या चाकांवर, गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा चार खांबांच्या लिफ्टवर उभी करायची, दोनदा दाबून हलवायची, आणि मग टॉर्क रेंचने सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्यावर आवळायचे. मागच्या शॉकअपच्या खालच्या बोल्टलाही हाच नियम. दुसरं काही पाहिलं नाहीत तरी चालेल, पण ही पायरी डोळ्यांनी बघा.

खारेवारे_बार्देश

गंजाबद्दल दोन शब्द, कारण भाग नवे असतानाच हे करायला सोपं जातं.

मागच्या स्प्रिंगची खालची बशी ही मातीची परडीच असते. स्प्रिंग काढलीच आहे तर बशी तारेच्या ब्रशने साफ करा, पाणी निघायचं भोक मोकळं आहे का बघा. उघड्या लोखंडाला जस्ताचा प्रायमर, त्यावर रंग, तो वाळला की मेण. गंजावरच जाड काळं रबरी कोटिंग मारून घेऊ नका. त्याखाली ओल अडकते आणि पत्रा आतून खातो, बाहेरून वर्षानुवर्षं छान दिसतं.

पावसाळ्यापूर्वी धुण्याच्या ठिकाणी गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल फवारून देतात. लोखंडाला तात्पुरतं बरं, पण बुश नैसर्गिक रबराचे असतात आणि खनिज तेलाने ते रबर फुगून मऊ पडतं. नवे आर्म घातल्यावर हा फवारा बंद. बुश करकरत असेल तर सिलिकॉनचा स्प्रे, तोही थोडा. फेरीने जाणाऱ्यांच्या गाडीखाली धक्क्यावरचं खारं पाणी उडतं, त्यांनी त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवावं. जोरदार फवारा थेट बॉल जॉइंटच्या रबरी टोपीवर मात्र मारू नये. टोपीची कड उचलली गेली की पाणी आत जातं.

वळणवाट_फोंडा

शेवटचा प्रश्न. अलाइनमेंट लगेच करू की थोडी चालवून? आणि "सगळं हिरवं आहे" एवढं सांगून पाठवतात, त्यात काय बघायचं? आरटीओ किंवा विम्याचं काही?

शॉकअप_साखळी

लगेच करा. स्ट्रटच्या बोल्टना नकलच्या भोकात थोडी जागा असते, काढून परत लावताना कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेरचा कल) हलतोच, आणि कॅम्बर हलला की टो बदलतो. तुमच्या टायरच्या आतल्या कडेला करवत आहे, म्हणजे टो आधीच बिघडलेला होता. स्प्रिंग जुन्याच असल्याने त्या बसायची वाट बघायला नको. ३००-५०० किमीनंतर बोल्ट एकदा टॉर्कवर तपासा आणि टो पुन्हा बघा.

मशीनवर जाण्यापूर्वी हवा स्टिकरवर, टाकी साधारण अर्धी, डिकीतलं जादा सामान बाहेर. गाडी पुढे-मागे दाबून हलवून मगच मोजायला सांगा. छापील कागद दोन मागा, आधीचा आणि नंतरचा. हिरवा रंग म्हणजे आकडा मर्यादेत आहे एवढंच, डाव्या-उजव्याचा मेळ आहे असं नव्हे. डावा कॅम्बर मर्यादेच्या एका टोकाला आणि उजवा दुसऱ्या टोकाला असेल तरी दोन्ही हिरवेच दिसतात आणि गाडी ओढते. कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागचा कल) या दोन्हींत दोन बाजूंचा फरक अर्ध्या अंशाच्या आत असावा. टो दोन्ही चाकांना सारखा वाटलेला असावा आणि स्टिअरिंग सरळ. कॅम्बर जुळत नसेल तर स्ट्रटचे बोल्ट सैल करून नकल आत-बाहेर ढकलून पुन्हा आवळायला सांगा, त्या भोकातल्या जागेत बराच फरक भरून निघतो. मागचा बीम, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा, या गाडीत जुळवता येत नाही. मागचा टो लाल असेल तर बीम वाकलाय का किंवा त्याचा बुश गेलाय का ते बघावं लागेल. बीमचा बुश बदलायचा झाला तर काढण्यापूर्वी त्यातल्या पोकळीची दिशा बीमवर खुणेने आखून ठेवा. नवा बुश चुकीच्या दिशेने ठोकला तर गाडी मागून वळते आणि अलाइनमेंटच्या मशीनवर त्याचा पत्ता लागत नाही.

कागदपत्रांचं: कंपनीच्या मापाचे शॉकअप आणि आर्म ही दुरुस्ती आहे, गाडीत बदल नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होतो अशा बदलांवर आहे. १५ इंची रिम कंपनीच याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला देत असली तरी विमा कंपनीला एक मेल टाकून लेखी उत्तर ठेवा. जुने भाग डिकीत घालून घरी आणा, आणि शॉकअपच्या खोक्यांवरचे पार्ट नंबर बिलावर उतरवून घ्या. वॉरंटीला बिल आणि नंबर दोन्ही लागतात.

नटबोल्ट_डिचोली

एक राहिलं. पहिले दोन-तीनशे किमी शॉकअप थोडे ताठ वाटतील, सील आणि माउंटचं रबर बसायला तेवढा वेळ लागतो. त्यावर लगेच हवा कमी करू नका. ५०० किमीला बोल्ट तपासायला गाडी वर जाईल, तेव्हा चारही शॉकअपच्या दांडीवरचं डस्ट कव्हर उचलून बघा. दांडीवर तेलाचा पुसटसा थर चालतो. बोट लावल्यावर ओघळ उठला तर तो शॉकअप वॉरंटीत परत द्या. तुमच्या बाजूच्या खाणीच्या ट्रकांनी उसगावपुढे केलेल्या खड्ड्यांवर तो पावसाळाभर टिकणार नाही.